एकट्या गिटारवर स्टँडर्ड्स: फॉर्म भरण्याआधी एवढं वाचाच

तुमची पोस्ट दोनदा वाचली. बारा जॅझ स्टँडर्ड्स (जॅझवाले पिढ्यान्‌पिढ्या वाजवत आलेली गाणी) घेऊन अल्बम, सोबतीला कुणी नाही, फक्त गिटार, आणि शेवटी तुमचं वाक्य: "गाणी ८०-९० वर्षं जुनी, म्हणजे हक्कांची भानगड नाही." तीन वर्षांपूर्वी मीही हेच धरून चाललो होतो. कॉर्ड-मेलडी (चाल आणि साथीचे कॉर्ड एकाच गिटारवर) कशी बसवायची, माइक कुठला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी फक्त अल्बम ऑनलाइन टाकताना भरायच्या फॉर्मबद्दल लिहितो.

डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे आपली गाणी स्ट्रीमिंग प्लॅटफॉर्मवर पोचवणाऱ्या कंपनीच्या, फॉर्मवर प्रत्येक ट्रॅकपुढे तीन पर्याय होते: स्वतःची रचना, कव्हर (दुसऱ्याचं गाणं आपण वाजवलेलं), पब्लिक डोमेन (हक्क संपलेलं गाणं). मी बाराही ठिकाणी 'पब्लिक डोमेन'वर टिक केलं. एकोणिसाव्या दिवशी अख्खा अल्बम सगळीकडून उतरवला. कुठलं गाणं अडलंय एवढंच विचारणाऱ्या आठ मेल मी पाठवल्या. दर वेळी उत्तरात तोच परिच्छेद, खाली सही मात्र वेगळ्या नावाची. छापून घेतलेल्या ३०० सीडींचं खोकं अजून पलंगाखाली आहे, वरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही. चूक माझीच होती. पण सुधारायला तयार असलेल्या माणसाला ती दाखवायला काय हरकत होती? याचा राग आजही जात नाही.

आता 'ऑल द थिंग्ज यू आर' घ्या. गाणं १९३९चं. संगीतकार जेरोम कर्न १९४५ साली गेले, गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइन १९६० साली. भारतात हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणून इथे ती चाल २००६ पासून मोकळी. अमेरिकेत त्या काळच्या गाण्यांना प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणजे २०३४ संपेपर्यंत थांबा. युरोपात मृत्यूनंतर ७० वर्षं, आणि शब्द व चाल गाण्यासाठी मिळून केलेले असतील तर दोघांपैकी शेवटी गेलेल्यापासून मोजतात. तुम्ही एक शब्दही गाणार नसलात तरी गीतकाराचं साल बघावं लागतं, ते यामुळे. अल्बम जगभर जाणार, तर एका देशाचा हिशेब पुरत नाही.

मला सर्वात लागलं ते हे की 'कव्हर'वर टिक करून संगीतकार-गीतकारांची नावं नीट भरली असती तर बहुधा काहीच अडलं नसतं. अमेरिकेत २०२१ पासून स्ट्रीमिंगसाठी संगीतकार-गीतकारांना द्यायचे पैसे प्लॅटफॉर्मच भरतात. डाउनलोड आणि सीडीचं लायसन्स मात्र आपल्याला घ्यावं लागतं. भारतात कव्हरसाठी कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी आहे, पण त्यात दर गाण्याला वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची असते. ३०० सीडी काढणाऱ्याला ते कसं झेपणार? त्यापेक्षा आयपीआरएसकडे (संगीतकार-गीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करणारी संस्था) किंवा थेट गाण्याच्या प्रकाशकाकडे विचारा. मी वकील नाही, पैसे गुंतवण्याआधी जाणकाराला एकदा दाखवाच. आणि माझं ठाम मत: सीडी सगळ्यात शेवटी छापा.

जाता जाता, आवाजाबद्दल विचारलंत म्हणून. जॅझ गिटारवादक जो पास यांचा १९७३ साली रेकॉर्ड झालेला एकट्या गिटारचा अल्बम 'व्हर्च्युओसो' हेडफोनवर ऐका. ॲम्पपेक्षा तारांचाच आवाज जास्त येतो. पोकळ गिटार असेल तर एक माइक थेट तिच्यासमोर लावा, पंखा बंद करा आणि तारा आदल्या दिवशी बदला.

बारा गाण्यांची यादी संगीतकार, गीतकार आणि सालासकट इथे टाका. मी एकेक बघून सांगतो.