जुनं वर्तमानपत्र सोबत असू द्या

प्रश्न : ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ या इंग्रजी सिनेमाबद्दल खूप ऐकलं होतं, म्हणून परवा घरी एकट्यानं पाहिला. गाणी आवडली, पण गोष्टीला ना शेंडा ना बुडखा, आणि बोलताबोलता पात्रं मध्येच थांबून राहतात. लोकांना यात एवढं काय दिसतं? – एक वाचक

उत्तर : तुम्ही नेमक्या जागेवर बोट ठेवलंत. पात्रं थांबतात, ती जागा प्रेक्षकांची आहे. मीही पहिल्यांदा हा सिनेमा घरी एकटीनं पाहिला होता आणि तासाभरात बंद केला होता.

पुढे न्यूयॉर्कमध्ये एका थिएटरात मध्यरात्रीच्या खेळाला गेले. पहिल्यांदाच आलेय म्हटल्यावर दारातल्या मुलीनं माझ्या गालावर लिपस्टिकनं ‘व्ही’ (‘व्हर्जिन’, म्हणजे नवखी) काढला. अंधार झाला, पडद्यावर नुसते लाल ओठ गाऊ लागले (ओठ पॅट्रिशिया क्विनचे, आवाज रिचर्ड ओब्रायनचा) आणि सगळं थिएटर सोबत गायला लागलं. सिनेमातलं तरुण जोडपं, ब्रॅड आणि जॅनेट, भर पावसात गाडीतून उतरले, जॅनेटनं डोक्यावर वर्तमानपत्र धरलं, तशी चहूबाजूंनी कागदांची सळसळ झाली. मागून कुणीतरी पिचकारीनं पाणी उडवलं. शेजारच्या साठीतल्या बाईंनी काही न बोलता आपल्या वर्तमानपत्राचं अर्धं पान फाडून माझ्या हातात दिलं. ते पान डोक्यावर धरलं आणि मला हा सिनेमा कळला.

हे कुणी जाहिरातीसाठी घडवून आणलेलं नाही. ओब्रायनचं मूळ नाटक १९७३ साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या माडीवरच्या छोट्या रंगमंचावर आलं आणि चाललं. जिम शार्मननं त्यावरून केलेला सिनेमा १९७५ मध्ये आला, तो मात्र आपटला. एप्रिल १९७६ पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात तो मध्यरात्री दाखवायला लागले. तेच तेच लोक पुन्हा पुन्हा यायचे. त्यांनीच रिकाम्या जागांत पडद्याला उत्तरं द्यायला सुरुवात केली, मग पात्रांसारखे कपडे आले, मग पडद्यापुढे उभं राहून अख्खा सिनेमा करून दाखवणारी मंडळी आली. ज्यांना आपलं वेगळेपण दिवसा लपवावं लागायचं, अशा कितीतरी मुलामुलींना आठवड्यातली ही एक रात्र हक्काची वाटायची. सिनेमाचं मोठेपण मला तरी इथंच दिसतं.

पण नुसत्या गोंगाटानं सिनेमा पन्नास वर्षं टिकत नाही. यातलं कुणीही ‘आम्ही गंमत करतोय’ असा चेहरा करत नाही. चित्रीकरण विंडसरजवळच्या ओकली कोर्ट या तेव्हा पडक्या असलेल्या वाड्यात ऐन गारठ्यात झालं. जॅनेट झालेल्या सुझन सॅरंडनला तर न्यूमोनिया झाला. टिम करी फ्रँकची, म्हणजे गोष्टीतल्या वाड्याच्या विक्षिप्त शास्त्रज्ञ मालकाची भूमिका एखाद्या शोकांतिकेचा नायक असल्यासारखी जीव ओतून करतो. शेवटी तो घरी परतण्याचं गाणं गातो, डोळ्यांतलं काजळ गालांवर ओघळलेलं असतं. समोरच्या खुर्च्या त्याला माणसांनी भरलेल्या दिसतात, टाळ्या पडतात आणि मग कळतं, खुर्च्या रिकाम्याच आहेत. त्या रात्री दीड तास ओरडणारं आमचं थिएटर या गाण्याला अगदी गप्प झालं. शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या.

गोष्ट विस्कळीत आहे, हे मान्यच. उत्तरार्धात तर फारच.

तेव्हा एकदा थिएटरात बघा. म्युनिकच्या म्युझियम लिश्टश्पीलं या थिएटरात तो १९७७ पासून चालू आहे, इतरत्रही खास खेळ होत असतात. पाठांतर काही लागत नाही. ‘टाइम वॉर्प’ या त्यातल्या नाचाची पावलं गाण्यातच सांगितली आहेत, निवेदक तर तक्ता दाखवून समजावतो. तांदूळ (ते लग्नाच्या दृश्याला उडवतात) आणि पाणी उडवायला बऱ्याच थिएटरांत बंदी असते, तेवढं आधी विचारून घ्या. वर्तमानपत्र मात्र न्याच, आणि जरा जाड न्या. शेजारी कुणी नवखं असलं तर अर्धं देता येईल.