मुंजाला रूम कोण देणार?

प्रश्न: टिळकवाडीतल्या रूमवर आम्ही चौघांनी 'व्हॉट वी डू इन द शॅडोज' हा न्यूझीलंडचा व्हॅम्पायरवरचा, म्हणजे रक्त पिणाऱ्या भुतांवरचा पिक्चर बघितला, हसून हसून पोट दुखलं. पण एक मित्र म्हणतोय डॉक्युमेंट्रीसारखं दाखवून खोटं सांगणं ही फसवणूक आहे. आणि आपल्याकडच्या भुतावर मोबाईलवर असं काही करायला जमेल काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: फसवणूक नाही ओ, ह्याला मॉक्युमेंट्री म्हणतात. गोष्ट बनवलेली, पण मुलाखती, हलणारा कॅमेरा सगळं डॉक्युमेंट्रीचं. जेमेन क्लेमेंट आणि टायका वाइटिटी ह्या दोघांनी 2005 ला आधी ह्याची शॉर्ट फिल्म केली आणि मोठा पिक्चर आला 2014 ला, तेव्हा तुम्ही छोट्यापासून सुरू केलं तर बरोबरच आहे.

आता मजा कुठनं येते ते बघा. वेलिंग्टनच्या एका घरात हे व्हॅम्पायर रूम पार्टनर म्हणून राहतात. त्यातल्या डीकनने 5 वर्षं भांडी घासलेली नाहीत म्हणून मीटिंग बसते, वियागो माणसाचं रक्त प्यायच्या आधी खाली पेपर अंथरतो, आणि आमंत्रण असल्याशिवाय आत जाता येत नाही म्हणून हे लोक क्लबच्या दारात उभे राहून "आत या म्हणा की" असं विनवतात. म्हणजे व्हॅम्पायरचे जुने नियम त्यांनी एकही मोडला नाही, फक्त ते नियम रूम पार्टनरच्या आयुष्यात आणून ठेवले.

तसा नियम आपल्याकडे मुंजाला आहे. मुंज झाली, लग्न व्हायच्या आधी मेला, पिंपळावर बसला. आता रस्ता रुंदीकरणात तो पिंपळ तोडला आणि हा बेळगावात रूम शोधालाय समजा. प्रत्येक मालक एकच विचारणार, लग्न झालंय काय? बॅचलरला देत नाही. आणि त्याचं तर सगळं दुखणंच ते आहे! मला हे सुचल्यापासून डोक्यातनं जाईना झालंय, तुम्ही खरंच करा. फक्त मुंजाला जोकर करू नका, त्याने तोंडभर दुःखानेच बोलायला पाहिजे, हसायचं काम बघणाऱ्याचं.

आणखी एक, क्लेमेंट आणि वाइटिटीने स्क्रिप्ट लिहिलेली पण नटांना दाखवली नाही, सीन काय आहे तेवढं सांगून बोलायला लावलं. तुम्ही पण गल्लीतल्या एखाद्या मालकीण काकूंना आधी पिक्चरचं सांगून, विचारून घ्या आणि डायलॉग देऊ नका. दारात मुंजा उभा करा, कॅमेरा चालू ठेवा, काकू काय विचारायचं ते विचारतील.