रक्ताचा पंप आणि टॉवेलचं विणकाम

(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : मॅडम, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अक्कलकोट रोडला वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सबमर्सिबल मी शाळेत असल्यापासून खोलतोय. माझ्या आत्याच्या हृदयाचं पंपिंग 20 टक्क्यांवर आलंय. डॉक्टरांनी एलव्हॅड नावाचा, हृदयाच्या डाव्या कप्प्याला मदत करणारा पंप असतो असं सांगितलं, किंमतही सांगितली. त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. मिनिटाला पाच लिटर पाणी तर कूलरचा पंपही फेकतो. मग यात एवढं अवघड काय आहे? आणि मला यात काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : तुझा हिशेब चुकलेला नाही. निरोगी हृदय विश्रांतीत मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं आणि त्याला लागणारी ताकद जेमतेम एका वॉटच्या आसपास असते. मी उमेदीची वर्षं पंपांच्या डिझाइनमध्ये काढली, मग वैद्यकीय उपकरणांकडे वळले. त्यामुळे ठामपणे सांगते, हेड आणि डिस्चार्ज, म्हणजे दाब आणि प्रवाह, गाठणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

अवघड आहे ते रक्त सांभाळणं. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट. पात्याजवळच्या अरुंद फटीत तिच्यावर फार ताण आला की ती फुटते, आतलं हिमोग्लोबिन बाहेर पडतं आणि मूत्रपिंडं बिघडतात. मग फट मोठी ठेवावी, वेग कमी करावा, असं तू म्हणशील. पण रक्त जिथे रेंगाळतं तिथे गुठळी धरतं, आणि ती गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. शिवाय फॉन विलेब्रांड नावाचं एक लांब प्रथिन रक्तस्राव थांबवायला मदत करतं, त्याचेही पंपात तुकडे पडतात. म्हणून अशा पेशंटना आतड्यातून रक्त जाण्याचा त्रास होतो. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायचं आणि रक्त जाऊ नये याचीही काळजी घ्यायची, अशी ही ओढाताण आहे.

दुसरी गोष्ट बेअरिंगची. तुझे वडील बुश बदलून पंप परत बोअरमध्ये सोडतात. इथे पंप हृदयाच्या टोकाला शिवलेला असतो. 2001 साली रीमॅच नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वापरलेला पंप म्हणजे पडदा आणि झडपा असलेलं, धडधडणारं जुनं यंत्र होतं. वर्षभराने यंत्रावरचे 52 टक्के रुग्ण जिवंत होते, नुसत्या औषधांवरचे 25 टक्के. दोन वर्षांनी मात्र हेच आकडे 23 आणि 8 वर आले. जंतुसंसर्ग होत होता, आणि यंत्रही झिजत, बंद पडत होतं. हार्टमेट 3 हा पंप 2014 मध्ये पहिल्यांदा माणसात बसवला गेला. त्यात रोटर, म्हणजे फिरणारा भाग, चुंबकांवर तरंगतो, कशालाच टेकत नाही. रोटरभोवती अर्ध्या ते एक मिलिमीटरची मोकळी वाट असते आणि कोपऱ्यातलं रक्त धुऊन निघावं म्हणून दर दोन सेकंदांनी वेग खालीवर केला जातो. या पंपावरचे निम्म्याहून जास्त रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात होते. रीमॅचचे आकडे मी त्या काळात वाचलेले आहेत, म्हणून मला याचं मोल फार वाटतं.

दुकानात तुला उपयोगी पडलेली एक गोष्ट इथेही आहे. वडील अँपिअर बघून ओळखतात ना, बोअरला पाणी आहे की पंप कोरडा चाललाय? या पंपातही प्रवाह मोजणारं मीटर नसतं. मोटार किती वीज ओढते आणि किती फेऱ्यांवर फिरते, यावरून कंट्रोलर प्रवाहाचा अंदाज बांधतो. डाव्या कप्प्यात रक्त कमी आलं आणि पंप जोरात ओढत राहिला, तर कप्प्याची भिंतच तोंडाशी खेचली जाते. उजवी बाजू फार कमकुवत असेल तर डावीकडे रक्तच पुरेसं पोचत नाही, त्यामुळे हा पंप प्रत्येकाला चालत नाही. आत्यांच्या डॉक्टरांना उजव्या बाजूबद्दल जरूर विचार.

आता सुरुवात कुठून. मी तुला रोटरपाशी पाठवणार नाही, कापडापाशी पाठवीन. पंपातून महाधमनीकडे जाणारी नळी विणलेल्या पॉलिस्टरची असते. अमेरिकेतले हृदयशल्यविशारद मायकल डीबेकी यांनी 1966 मध्ये शरीराबाहेरच्या मदतनीस पंपावर एका रुग्णाला सांभाळून बरं केलं. त्याच डीबेकींनी त्याआधी ह्यूस्टनच्या दुकानातून डेक्रॉनचं, म्हणजे पॉलिस्टरचंच, कापड आणून, बायकोच्या शिलाई मशीनवर रक्तवाहिन्यांच्या नळ्या शिवल्या होत्या. पंपाला वीज पुरवणाऱ्या, पोटाच्या कातडीतून बाहेर येणाऱ्या वायरला ड्राइव्हलाइन म्हणतात. तिच्यावर मखमलीसारखी लव असलेलं पॉलिस्टर असतं, म्हणजे शरीराच्या ऊती त्यात रुजून वायर घट्ट धरतात. मखमली भाग पूर्ण कातडीखाली ठेवून बाहेर फक्त गुळगुळीत सिलिकॉन काढलं तर संसर्ग कमी होतो, हे नंतर लक्षात आलं. तरीही ही जखम अजून या यंत्राची सगळ्यात दुखरी जागा आहे. लव किती उंच हवी, वीण किती घट्ट हवी, घामाने भिजलेल्या पट्टीखाली त्याचं काय होतं, हे प्रश्न ज्या शहरात टेरी टॉवेल विणले जातात तिथल्या मुलाने हातात घ्यावेत असं मला मनापासून वाटतं. मे महिन्यातला घाम आपल्याला कुणी शिकवायला नको.

भारतात हे होणार नाही, असं म्हणणाऱ्यांना चित्रा झडपेची गोष्ट सांग. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संशोधन संस्थेत हृदयशल्यविशारद डॉ. वलियाथन यांच्या गटाने हृदयाची कृत्रिम झडप बनवली. आधीची मॉडेल्स बाद झाली, झडपेत उघडझाप करणारी नीलमाची तबकडीसुद्धा फुटली. शेवटी पॉलिएथिलीनची तबकडी टिकली आणि डिसेंबर 1990 मध्ये पहिल्या रुग्णाला झडप बसली. तिच्या कडेला शिवण्यासाठी जे कडं असतं, तेही पॉलिस्टरचंच. आयआयटी मुंबईत बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र आहे. प्रोजेक्ट ठरवण्याआधी तिथल्या लोकांचं काम बघून ये. त्याआधी कॉलेजात फ्लुइड मेकॅनिक्स पक्कं कर आणि एखाद्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात बसून रक्ताचं शरीरशास्त्र वाच.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला पुण्यात असा पंप बसवलाय. इथल्या दवाखान्यात सिस्टरना त्याची नाडीच लागेना, बीपीचं मशीनही एरर दाखवत होतं. सगळे घाबरले. हे धोक्याचं आहे का?
– एक भगिनी, होटगी रोड

उत्तर : ताई, हा पंप रक्त सलग ढकलतो, त्यामुळे नाडी अगदी मंद लागते किंवा लागतच नाही. भाऊ नेहमीसारखे बोलत-चालत असतील तर नुसत्या त्यावरून घाबरू नका. बीपी हाताने फुगवायचा पट्टा आणि डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह ओळखणारं छोटं यंत्र) वापरून घेतात. त्यांना पंपाचं कार्ड आणि जादा बॅटऱ्या कायम जवळ ठेवायला सांगा. एमआरआय करायचा नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना मेडिकलमधून परस्पर दुखण्याची गोळी आणू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की पंपाला रक्त कमी पडतं आणि कमी प्रवाहाचा अलार्म वाजतो. किती पाणी प्यायचं ते पुण्याच्या टीमकडून मार्चमध्येच लिहून घ्या, आणि त्यांचा फोन नंबर जवळच्या दवाखान्यातही देऊन ठेवा.