जुनी हार्डडिस्क काढली की पीसी सुरूच होत नाही

प्रश्न : सर नमस्कार, माझ्या पीसीत १ टीबीची जुनी हार्डडिस्क आहे, विंडोज ७ च्या वेळची, ती आता कटकट आवाज करायला लागली म्हणून एसएसडी बसवली आणि तिच्यावर विंडोज १० फ्रेश टाकलं. पण जुनी डिस्क काढली की पीसी चालूच होत नाही, काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस नाही असं येतं, परत जोडली की लगेच सुरू. तिच्यावरचं सिस्टम रिझर्व्ह्ड नावाचं छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) कॉपी करून एसएसडीत टाकलं तर चालेल का? मुलीच्या लहानपणीचे सगळे फोटो त्याच डिस्कवर आहेत.
– एक वाचक, मिरज

उत्तर : आधी फोटो काढून घ्या, आजच. आवाज करणारी डिस्क कधी बंद पडेल सांगता येत नाही, बूटचं म्हणजे पीसी सुरू होण्याचं नंतर बघू.

झालंय असं की विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली होती. सेटअपला तिच्यावर आधीचं १०० एमबीचं सिस्टम रिझर्व्ह्ड मिळालं, बूटच्या फाइल्स त्याने तिथेच ठेवल्या आणि विंडोज तेवढं एसएसडीवर गेलं. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा, त्या छोट्या पार्टिशनवर 'सिस्टम' लिहिलेलं असेल आणि सी ड्राइव्हवर 'बूट'. नावं उलटी वाटतात पण मायक्रोसॉफ्टच्या भाषेत जिथून मशीन सुरू होतं ते सिस्टम आणि जिथे विंडोज आहे ते बूट, इथे भलेभले गोंधळतात.

कॉपी-पेस्ट करू नका, चालणार नाही. बीसीडी नावाच्या फाइलमध्ये कुठल्या डिस्कवरचं कुठलं पार्टिशन याची नोंद असते, आणि नुसत्या फाइल्स नेल्या तरी बूट सेक्टर, म्हणजे पार्टिशनच्या सुरुवातीचा पीसी सुरू करणारा कोड, काही सोबत जात नाही. फाइल्स नव्याने बनवायच्या, त्याचं सामान सी मधल्या विंडोज फोल्डरमध्येच असतं.

डिस्कवर पार्टिशनची नोंद ठेवायच्या दोन पद्धती असतात, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी; तुमची एसएसडी एमबीआर असणार, तरी डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये व्हॉल्यूम्स टॅबवर खात्री करा. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर आधी पूर्ण बंद करून सी चं डिक्रिप्शन संपू द्या, नुसतं सस्पेंड करून भागणार नाही. मग सी वर राइट क्लिक करून 'मार्क पार्टिशन ॲज ॲक्टिव्ह', आणि हे सी वरच करा, चुकून दुसऱ्यावर नको. नंतर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजीत टाइप करा : बीसीडीबूट, स्पेस, सी कोलन बॅकस्लॅश विंडोज, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, सी कोलन, स्पेस, स्लॅश एफ, स्पेस, बायोस. एंटर मारल्यावर दोन-चार सेकंदांत बूट फाइल्स तयार झाल्याचा मेसेज येतो.

जीपीटी निघाली तर मात्र हे करू नका, तिथे बूट फाइल्ससाठी फॅट ३२ फॉरमॅटचं वेगळं ईएफआय पार्टिशन लागतं, तसं असेल तर परत लिहा.

आता पीसी बंद करून जुन्या डिस्कची साटा केबल काढा, बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) बूटच्या क्रमात एसएसडी पहिली ठेवा आणि चालू करा. सुरू झाल्यावर डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर सिस्टम आणि बूट दोन्ही दिसायला पाहिजे. ते दिसेपर्यंत आणि फोटो दुसरीकडे नीट उघडून बघेपर्यंत जुन्या डिस्कवरचं काहीही डिलीट करू नका.