प्रीती अपकार स्मरत नाही, म्हणजे काय?

कोल्हापूरच्या एका भगिनी लिहितात: ‘अर्धांगवायू झालेल्या सासूबाईंचे सर्व काही दीड वर्षापासून मीच करते, पण चौदा वर्षांत त्यांनी इतके दुखावले आहे, की मनात प्रेमाचा थेंबही उरलेला नाही. पतींची शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत रात्रपाळी असते आणि पुण्याचे दीर फक्त फोन करतात. उपासनेत बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा प्रीतीवरचा तेरावा अध्याय वाचला, की मी ढोंगी आहे असे वाटते. प्रेम आणायचे कुठून?’

प्रिय ताई,

तो अध्याय आपण लग्नसमारंभात इतक्या वेळा ऐकतो, की तो नवदांपत्यासाठीच लिहिला असावा असा समज होतो. प्रत्यक्षात प्रेषित पौलाने तो करिंथ शहरातल्या एका भांडकुदळ मंडळीला, म्हणजे चर्चला, लिहिला. तिथले लोक एकमेकांना न्यायालयात खेचत होते आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ एकत्र जेवण्याच्या, वेळी काही जण पोटभर खात असताना काही उपाशी राहत होते. आपल्या मराठी बायबलातला ‘प्रीती’ हा शब्दही आता चित्रपटगीतांनी पळवला आहे, त्याला इलाज नाही. पौलाचा मूळ शब्द ‘आगापे’ आहे आणि त्याचे वर्णन करताना तो ग्रीकमध्ये ओळीने क्रियापदेच वापरतो. प्रीती काय करते आणि काय करत नाही, एवढेच तो सांगतो. ती बाळगणाऱ्याला आतून कसे वाटते, याविषयी तो अवाक्षरही काढत नाही.

तुम्हाला बोचणारे वाक्य आहे ‘अपकार स्मरत नाही’. इथले मूळ क्रियापद जमाखर्चाच्या व्यवहारातले आहे. वाईटाची नोंद खात्यावर मांडून ठेवायची नाही, असा त्याचा अर्थ. पहिल्या नाताळला तुम्ही केलेल्या करंज्या सासूबाईंनी पाहुण्यांसमोर ताटातून काढून ठेवल्या, हे तुम्हाला आठवते, आणि ते विसरा असे मी म्हणणार नाही. मात्र तुम्ही दर दोन तासांनी त्यांची कूस बदलता, त्यामुळे दीड वर्षात त्यांच्या पाठीला एकही जखम झालेली नाही, हेही तुम्हीच लिहिले आहे. ज्या बाईला जुनी वसुली करायची असती, तिला त्यासाठी रोज बारा संधी होत्या. तुम्ही एकही घेतली नाहीत, आणि याला ढोंग म्हणायला मी तयार नाही.

तुमची चूक मला वेगळ्याच ठिकाणी दिसते: सगळे एकटीने केले तरच ते ख्रिस्ती प्रेम, असे तुम्ही धरून चालला आहात. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला शोमरोनी आठवा. त्याने वाटेत पडलेल्या एका अनोळखी जखमीला उतारशाळेत नेले, रात्रभर त्याची काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले, जास्त खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगितले आणि तो आपल्या वाटेने गेला. त्याने काम दुसऱ्यावर सोपवले म्हणून येशूने त्याला नावे ठेवली नाहीत. वधस्तंभावरून स्वतःच्या आईला शिष्याच्या हाती सोपवणाराही तोच.

तेव्हा दिरांना फोनवर तब्येत सांगून थांबू नका. दिवसपाळीच्या आयाचा पगार त्यांनी द्यावा आणि महिन्यातले दोन दिवस स्वतः आईजवळ राहावे, असे स्पष्ट सांगा. शक्यतो पतींनी सांगावे, कारण आई त्या दोघांची आहे. दीर चर्चच्या कामाला सढळ हाताने देणगी देतात, असे तुम्ही लिहिले आहे. आईवडिलांना द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलेले आहे, असे सांगून मोकळे होणाऱ्यांना येशूने मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात चांगलेच सुनावले आहे. तो भाग त्यांना वाचायला द्यायला माझी हरकत नाही. त्या दोन दिवसांत तुम्ही माहेरी जा किंवा संध्याकाळी रंकाळ्यावर निवांत बसा.

मनातले सासूबाईंना आता बोलून दाखवावे का, असेही तुम्ही विचारले आहे. त्यांची वाचा गेली आहे. ज्यांना उत्तर देता येत नाही, त्यांच्यापुढे आरोप मांडणे योग्य नव्हे. पण मनात कोंडूनही ठेवू नका. पाळकीणबाई दर बुधवारी प्रार्थनेला घरी येतात ना? प्रार्थना झाल्यावर त्यांना स्वयंपाकघरात बसवा, चहा ठेवा आणि करंज्यांपासून सुरुवात करा.