अमेरिकन सुपर निन्टेन्डोवर जपानी कार्ट्रिज कसं चालवायचं?

तुम्ही फोंड्याहून विचारलंय: काकांनी तारवावरून येताना मायामीहून अमेरिकन सुपर निन्टेन्डो (टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं यंत्र) आणला, योकोहामाहून सुपर फॅमिकॉमची, म्हणजे त्याच यंत्राच्या जपानी रूपाची, चार गेम-कार्ट्रिजं आणली, आणि ती आत बसत नाहीत. बसवणं पाच मिनिटांचं काम आहे. पण आधी सांगा, अ‍ॅडॅप्टर घरच्या प्लगात लावला नाहीत ना?

तो १२० व्होल्टचा आहे, आपल्याकडे वीज २३०. आत साधा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे येणारा दाब दुप्पट झाला की १० व्होल्टच्या जागी वीसच्या आसपास बाहेर पडतात. अ‍ॅडॅप्टर जळतो, यंत्रातला फ्यूज उडतो, आणि तो फ्यूज बोर्डावर सोल्डर केलेला असल्याने घरी बदलता येत नाही. पणजी-मडगावला इलेक्ट्रिकलच्या दुकानात २३० वरून ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मागा. अ‍ॅडॅप्टर जेमतेम १७ वॅट खातो, १०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा पुरे. हाताला जड लागला पाहिजे. हेअर ड्रायरसाठी मिळतो तो हलका ट्रॅव्हल कन्व्हर्टर घेऊ नका. त्याची कापलेली वीज अशा अ‍ॅडॅप्टरला सोसत नाही. पावसाळ्यात गडगडायला लागलं की सगळं प्लगातून काढून ठेवा.

आता कार्ट्रिज. अमेरिकन आणि जपानी यंत्रांतली कुलूप-चिप (दुसऱ्या प्रदेशाचे गेम अडवणारी चिप) एकच आहे, अडथळा फक्त प्लास्टिकचा. झडप बोटाने दाबून टॉर्चने आत बघा: मागच्या बाजूला दोन छोटे दात उभे दिसतील. अमेरिकन कार्ट्रिजच्या पाठीला त्यांच्यासाठी खाचा असतात, जपानीला नसतात. प्लग काढा, मधल्या पिनांवर कागदी टेप लावा, लांब नाकाच्या पकडीने दात मुळाशी धरून मागेपुढे हलवत तोडा. उरलेला खुंट कानशीने घासा, यंत्र उलटं करून तुकडे झाडा, मग टेप काढा. दात तोडायचे नसतील तर मध्ये लावायचा अ‍ॅडॅप्टर मिळतो, पण स्वस्तातल्या पुष्कळ अ‍ॅडॅप्टरांना कडेच्या जादा पिना नसतात आणि १९९६ चा ‘सुपर मारिओ आरपीजी’सारखा आत वेगळी चिप असलेला गेम त्यावर उठतच नाही. मी दातच तोडीन.

कार्ट्रिज खरंच जपानी आहे ना, हेही तपासा. युरोपातलं कार्ट्रिज दिसायला हुबेहूब तसंच असतं, आत नीट बसतंही, पण कुलूप-चिप वेगळी असल्याने चालत नाही. लेबलावरचा कोड वाचा: जपानी ‘एसएचव्हीसी’ने सुरू होतो, युरोपचा ‘एसएनएसपी’ने.

चित्र काळं-पांढरं आलं तर यंत्राचा दोष नाही. सिग्नल एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीचा, आहे. जुन्या टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टीम ‘ऑटो’ किंवा ‘एनटीएससी ३.५८’ करा. ४.४३ वर रंग येणार नाही. पिवळी-पांढरी-लाल एव्ही केबलच वापरा. अँटेनाच्या वायरीने जोडलंत तर आवाजाची गडबड होईल, कारण अमेरिकन टीव्ही सिग्नलचा आवाज चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर, आपला ५.५ वर.

गोव्याच्या हवेत खरा शत्रू दमट खारा वारा. कार्ट्रिजच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि गेम मधेच अडकतो. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ तो थर वाढवते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इयरबड बुडवून, मळ कापसावर यायचा थांबेपर्यंत पट्ट्या पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. नंतर सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. गेम चालतो पण सेव्ह राहत नाही, असं झालं तर आतली सीआर२०३२ बॅटरी संपलीय. तीही सोल्डर केलेली असते, त्यामुळे ३.८ मिलिमीटरचा गेमबिट (कार्ट्रिजचे खास स्क्रू उघडणारा स्क्रू-ड्रायव्हर) आणि सोल्डर करायला धातूच्या पट्ट्या (टॅब) असलेली नवी बॅटरी लागेल. जुनी काढली की उरलेले सेव्ह पुसले जातील.

भाषेची अडचण मात्र पक्कड सोडवत नाही. मारामारीचे, उड्यांचे गेम न वाचता खेळता येतात. ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’सारखा संवादांवर चालणारा गेम त्या चारांत असेल तर जपानी लिपी येईपर्यंत तो बाजूला ठेवा.