उद्या डब्याला काय?

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या नोकरदार स्त्रियांपैकी अनेकींनी, बहुधा भेटीची वेळ संपत आल्यावर आणि थोड्या संकोचाने, जवळजवळ त्याच शब्दांत एक गोष्ट सांगितली आहे. "मॅडम, स्वयंपाकाचं काही वाटत नाही हो, पण उद्या काय करायचं हे रोज ठरवून ठरवून डोकं शिणतं." एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे यावे का, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर असतो. मला ही गोष्ट एवढीशी वाटत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ मधील वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरची विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. परंतु लोकलमध्ये उभे राहून फ्रिजमध्ये किती कोथिंबीर उरली आहे हे आठवण्याची मिनिटे अशा हिशेबात येत नाहीत, आणि माणूस थकतो तो पुष्कळदा त्याच मिनिटांनी.

ज्या बाईंविषयी लिहीत आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्या ठाण्यात राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या आणि चाळिशी ओलांडलेल्या होत्या; घरात यजमान, दोन शाळकरी मुले आणि मधुमेह असलेल्या सासूबाई. सकाळी ७:४० ला घर सोडण्यापूर्वी चार डबे भरायचे आणि सासूबाईंचे जेवण झाकून ठेवायचे. त्या आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. रात्री अकरा वाजता त्या मोबाइलवर पाककृती पाहत बसत, आणि एके दिवशी मुलीने डबा न उघडताच परत आणला तेव्हा त्यांनी तिच्यावर हात उगारला होता. तो प्रसंग सांगताना त्यांना रडू आवरेना.

पहिल्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली, आणि तिने मला बरेच शिकवले म्हणून ती येथे नोंदवते. मी त्यांना आठवड्याच्या आहाराचा एक नीटस तक्ता करून दिला. सात दिवस, तीन वेळा, एकवीस चौकोन. दुसऱ्याच आठवड्यात त्या अधिक खचून परत आल्या. मंगळवारी पालक मिळाला नाही, गुरुवारी मुलाला ताप आला आणि तक्ता कोलमडला. "मला तुमचा तक्तासुद्धा पाळता आला नाही," त्या म्हणाल्या. जी बाई आधीच रोज स्वतःची परीक्षा घेत होती, तिच्या हातात मी आणखी एक प्रश्नपत्रिका दिली होती.

मग मी त्यांना पुढचे ठरवायला न सांगता मागचे लिहून आणायला सांगितले: गेल्या तीन आठवड्यांत घरात प्रत्यक्ष काय शिजले, एवढेच. त्यांनी आणलेल्या यादीत सगळ्या मिळून तेराच भाज्या आणि उसळी होत्या, आणि त्यांतल्या सहा-सात पुन्हा पुन्हा आल्या होत्या. यादी माझ्यापुढे ठेवताना त्या ओशाळल्या.

"बघा, किती तेच तेच करते मी."

"या तीन आठवड्यांत कोणी तक्रार केली?"

"नाही. पण बरं दिसतं का ते? आमच्या आईनं कधी असं केलं नाही. तिच्या हातचं रोज वेगळं असायचं."

मी त्यांना आईच्या घरचा एक आठवडा आठवायला सांगितले. माहेर सातारा जिल्ह्यातले, आठवडी बाजाराचे गाव. त्या सावकाश आठवू लागल्या. बाजार बुधवारी, म्हणून बुधवारी आणि गुरुवारी मेथी, चाकवत, चुका असे काहीतरी. मग वांगी, दोडकी, गवार. रविवारी कोंबडी. सोमवारी वडिलांचा उपवास, तो सोडायला संध्याकाळी वरण-भात. मंगळवारपर्यंत भाजी संपलेली असायची, म्हणून पिठले नाहीतर मटकी. शनिवारी रात्री मुगाची खिचडी आणि भाजलेला पापड. "ती तर दर शनिवारी," असे म्हणून त्या थांबल्या. बराच वेळ त्या माझ्याकडे न पाहता हातातल्या यादीकडे पाहत होत्या.

"म्हणजे आईचंही ठरलेलंच होतं की!"

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच वाट्याला येतात आणि ते मी जपून ठेवते. त्या आईचा स्वयंपाक मुलीला रोज नवा वाटला, कारण तो बाजाराच्या आणि वारांच्या चालीने फिरत होता. आईला मात्र रोज रात्री बसून काही शोधावे लागत नव्हते. लेकीने आईच्या ताटातले वैविध्य वारशाने घेतले होते. त्यामागची घडी मात्र शहरात येताना गावीच राहून गेली होती, कारण येथे सगळ्या भाज्या बाराही महिने, सातही दिवस कोपऱ्यावर मिळतात आणि म्हणून प्रत्येक संध्याकाळी सगळ्यांतून निवड करावी लागते.

इच्छेचा हट्ट झाला की माणूस स्वतःला त्रास करून घेतो असे सांगणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे, आणि ती समजावून सांगायला मराठीइतकी सोयीची भाषा नसेल असे मला नेहमी वाटते, कारण इच्छा आणि हट्ट यांतला फरक आपल्याकडे एका अक्षराचा आहे. जेवण ताजे हवे, वेगवेगळे हवे, मुलांनी डबा संपवायला हवा, या साऱ्या इच्छा रास्त आहेत. त्यांना 'च' जोडला की त्याच इच्छा आज्ञा होतात: ताजेच हवे, वेगळेच हवे, डबा संपवायलाच हवा. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस हळहळतो. आज्ञा मोडली गेली की तो स्वतःला किंवा दुसऱ्याला शिक्षा करू लागतो. मुलीवर उगारलेला हात त्या 'च'मधून आला होता. हे मी सांगितले तेव्हा त्या रडल्या नाहीत. त्यांनी पर्समधून पेन काढले आणि यादीच्या मागे स्वतःची तीन वाक्ये लिहून प्रत्येकातला 'च' खोडला.

पुढच्या भेटीला यजमान आले. ते सौम्य स्वभावाचे होते आणि त्यांची बाजू प्रामाणिक होती.

"मी हिला कधीच नावं ठेवत नाही, मॅडम. काहीही केलं तरी चालतं मला."

"मग उद्या चार डब्यांत आणि आईंच्या ताटात काय असावं, ते तुम्ही मला सांगा. घरात काय आहे ते लक्षात घेऊन."

ते विचार करू लागले. घड्याळात एक मिनिट गेले असेल. बटाटा म्हणणार तोच त्यांना आईची साखर आठवली. भेंडी म्हणाले, पण ती घरात आहे की नाही हे त्यांना ठाऊक नव्हते. "आत्ता तुमच्या मनात जे चाललं आहे, ते यांच्या मनात रोज चालतं," मी म्हटले. "तुम्ही 'काहीही' म्हणता तेव्हा हा सगळा विचार पुन्हा यांच्याकडे जातो." त्यांनी पत्नीकडे पाहिले आणि बुधवार व शनिवार मागून घेतले. त्या दोन दिवशी काय करायचे हे ठरवणे, ते घरात आहे की नाही हे पाहणे आणि नसल्यास आणणे, सगळे त्यांच्याकडे. भाजी चिरून देणे ही मदत आहे आणि मदत चांगलीच असते; परंतु कोणती भाजी चिरायची हे विचारून केलेल्या मदतीने विचार करणाऱ्याचे ओझे उतरत नाही, हे मला जोडप्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

घडी त्यांची त्यांनीच बसवली. मी फक्त आईच्या गावाचा बाजार शहरात आणायला सुचवले. खरेदी आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी. पालेभाजी टिकत नाही, म्हणून ती सोमवारी आणि मंगळवारी. बुधवारी भेंडी, गवार, फरसबी, जी फळभाजी असेल ती, गुरुवारी उसळ. उसळीचे खरे काम दोन दिवस आधी असते, हे मात्र कागदावर लिहावे लागते. मंगळवारी रात्री मटकी भिजत घातली, बुधवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली, तर गुरुवारी पहाटे मोड आलेले असतात. थंडीत आणखी वेळ द्यावा लागतो. दाण्याचे कूट, आले-लसूण-मिरचीचे वाटण आणि खवलेले खोबरे रविवारीच करून फ्रिजमध्ये ठेवायचे. सासूबाईंसाठी वेगळा स्वयंपाक करायचा नाही. त्याच भाजीबरोबर त्यांना भाताऐवजी ज्वारीची भाकरी. मुलांना आठवड्यातून एक डबा निवडू द्यायचा, आणि तो निवडल्यावर त्यावर टिप्पणी करायची नाही. ही शेवटची अट त्यांना सर्वांत अवघड गेली.

ही पद्धत वापरून पाहू इच्छिणाऱ्या घरांना मी एवढेच सुचवेन की सुरुवात कोऱ्या तक्त्याने करू नये. आपण खरोखर काय खातो याची तीन आठवड्यांची यादी आधी करावी. घराची आवड तिच्यात आधीच ठरलेली असते आणि तीच वारांवर मांडायची असते. एखादा वार मोडला तर त्या दिवशीचा पदार्थ सोडून द्यावा आणि पुढच्या वारापासून पुढे जावे. मोडलेल्या दिवसाची भरपाई करायला गेले की 'च' परत येतो.

शेवटच्या भेटीत त्यांनी फ्रिजवरचा कागद काढून दाखवायला आणला होता. बुधवारच्या रांगेत यजमानांचे अक्षर होते. शुक्रवारपुढची जागा मात्र कोरी दिसली, म्हणून मी विचारले.

"शुक्रवारी आठवडाभरात जे उरलं असेल ते," त्या म्हणाल्या. "आणि काहीच उरलं नसेल तर वरण-भात, वर तूप-लिंबू. सासूबाईंनीच सुचवलं. म्हणाल्या, आम्ही काय वेगळं करत होतो?"